शनिवारच्या टेपा

इरेझरचा प्लग मी बोर्डात घातला, पहिली टेप हातात घेतली, आणि तेवढ्यात एक बाई आत आली नि टेपांच्या खोक्यावर हात ठेवून उभी राहिली.

“बाई, जरा थांबा की,” ती म्हणाली.

पन्नाशीच्या पुढची, उन्हातून अनवाणी आलेली, पदर कानामागं खोचलेला. मी थांबायच्या मनःस्थितीत नव्हते. कोल्हापूरहून पहाटेची एस्टी, मिरजेला दुसरी, आणि कवठेमहांकाळच्या पुढं वडापच्या जीपमध्ये एका कोंबडीच्या टोपलीशेजारी अंग चोरून बसून मी या खिलार पैदास केंद्रात पोचले होते. सत्त्याण्णव सालचा एप्रिल. पाच-सहा वर्षं माझं हेच चाललं होतं. आमच्या कॉम्प्युटर कंपनीत मी एकटीच बाई इंजिनिअर, त्यामुळे लांबची आणि कुणाला नको असलेली कामं बिनबोभाट माझ्या वाट्याला यायची. महिनाअखेरीला नोकरी सोडायची हे मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं, फक्त कुणाला सांगितलं नव्हतं.

मी विचारलं, तुम्ही कोण.

“मगदूम अण्णांच्या घरातली. ह्या टेपा त्यांच्या हायत.”

टेपा कुणाच्या बापाच्या नव्हत्या, केंद्राच्या होत्या, हे मी बोलले नाही. पण मगदूम हे नाव सकाळपासून माझ्या कानावर येत होतं आणि त्याच्याबरोबर जे येत होतं ते चांगलं नव्हतं.

त्या काळी कॉम्प्युटरमधल्या माहितीची प्रत टेपेवर काढून ठेवायची पद्धत होती. गाण्याच्या कॅसेटच्या दुप्पट मोठी, खालून पत्रा असलेली ही टेप एका ड्राइव्हमध्ये घालायची. मशीन बसलं, तर टेपेवरून सगळं परत मिळायचं. केंद्राच्या कॉम्प्युटरमध्ये जनावरांच्या पिढ्यान् पिढ्यांची वंशावळ होती. कुठला वळू कुणाचा, कुठली गाय त्याला दाखवली, वासरू कसं निघालं. भूपाल मगदूम हे तिथले कॉम्प्युटर सांभाळणारे गृहस्थ. त्यांना सगळे अण्णा म्हणत. दर शनिवारी दार लावून ते टेपा भरत बसत. गेल्या दिवाळीत त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

त्यानंतर केंद्रानं आमच्याकडून नवा कॉम्प्युटर घेतला. जुना कॉम्प्युटर, जुना टेप ड्राइव्ह सगळं एक्स्चेंजमध्ये गेलं. आमचा सेल्समन छातीठोकपणे सांगून गेला की तुमच्या टेपा नव्या ड्राइव्हमध्ये चालतात. कागदोपत्री ते खरंही होतं. पण नव्या ड्राइव्हला त्यातली एकही टेप वाचता आली नाही. चौकशी होईपर्यंत जुनं मशीन पुण्यात मोडीत निघालं होतं, आणि मूळ कागद वाळवीनं कधीच संपवले होते.

मग निष्कर्ष निघाला तो साधा होता. अण्णा शनिवारी दार लावून काहीच करत नव्हते. टेपा कोऱ्या होत्या. बोलता येत नाही त्या माणसावर आळ घ्यायला वेळ लागत नाही, तसा तो घेतला गेला. केंद्राचे संचालक डॉ. शिंत्रे माणूस वाईट नव्हते, पण वैतागलेले होते. सकाळी ते मला म्हणाले होते की निदान टेपांचा तरी उपयोग करू, नवीन फार महाग पडतात, तुम्ही पुसून द्या म्हणजे नव्या ड्राइव्हला वापरता येतील. न पुसता वापरायचं म्हटलं तर ड्राइव्ह अडून बसायचा. म्हणून मला इरेझर घेऊन पाठवलं होतं. इस्त्रीएवढं, इस्त्रीसारखंच जड लोहचुंबकाचं यंत्र. टेपेवरून फिरवलं की टेपेवर जे असेल ते गेलं.

मी पद्माक्कांना (त्यांचं नाव मला नंतर कळलं) शक्य तितक्या शांतपणे सांगितलं की टेपा तपासून झाल्यात, त्यांच्यावर काही नाही.

“कोऱ्या टेपा पुसाय मशीन कशाला लागतंय मग?” त्या म्हणाल्या.

मी यंत्राचं बटण दाबलं. काही झालं नाही. पंखा मंदावला, ट्यूबलाइट गेली. दुपारची लाइट गेली ती चार वाजेपर्यंत येत नाही, असं बाहेरून शिपायानं सांगितलं.

“तवर जेवाय चला,” पद्माक्का म्हणाल्या. खोक्यावरचा हात त्यांनी काढला, पण खोकं उचलून बगलेत मारलं.

*

क्वार्टर्स समोरच होत्या. बाहेरच्या खोलीत खिडकीशी कॉटवर अण्णा बसले होते, पाठीला दोन उशा, दाढी ताजी केलेली. मला बघून त्यांनी काहीतरी म्हटलं. शब्द नव्हतेच ते, ओल्या चिंध्या ओढल्यासारखा घशातून आवाज आला.

“म्हणत्यात, उन्हाचं लांबनं आलाय, आदी पानी घ्या,” पद्माक्का आतून म्हणाल्या.

मी पाणी प्याले. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, दह्यातली काकडी. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं हे पहिल्या घासाला लक्षात आलं. अण्णा मधूनच काहीतरी म्हणत, पद्माक्का भाकरी थापता थापता त्याचं मराठी करून सांगत. म्हणत्यात कोल्हापुरात कुठं ऱ्हाता. म्हणत्यात साहेबांचा वजीर बगितला का, गोठ्यात पयल्या दावणीला हाय. इतकं सहज चाललं होतं की थोड्या वेळानं मीही अण्णांकडं बघूनच उत्तरं द्यायला लागले.

मग मी विषय काढलाच. माझा एक नियम होता, कस्टमरच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा नाही. मशीनवर चहा सांडलेला असतो आणि तोंडं निष्पाप असतात, मॅडम, आम्ही काहीच केलं नाही, आपोआप बंद पडलं. तरी मी अण्णांना विचारलं की तुम्ही टेप भरल्यावर ती तपासत होता का.

अण्णांनी डावा हात उचलला आणि बराच वेळ आवाज काढला. त्यांच्या कपाळावर घाम आला.

पद्माक्का दारात आल्या. “म्हणत्यात, दर येळेला. टेप भरली की त्याच मशीनीत घालून परत वाचून बगत हुते. एकबी सोडली न्हाई.” पिठाचे हात त्यांनी पदराला पुसले. “आन् म्हणत्यात, मागं एकदा ड्राइव्ह बंद पडला हुता. कंपनीचा मानूस म्हैनाभर आला न्हाई. मग ह्यांनी सोता उघडला. आत एक स्क्रू हुता, त्यो फिरवत फिरवत आनला तवा मशीन वाचाय लागलं.”

माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली.

टेपेवर माहिती ओळीओळीनं लिहिलेली असते. लिहिणारं आणि वाचणारं हेड एकच असतं, आणि ते काटेकोर सरळ बसवलेलं असावं लागतं. ते जरा तिरकं झालं, तर ओळी तिरक्या उमटतात. पण तेच तिरकं हेड त्या वाचायला गेलं, तर त्याला त्या सरळच वाटतात. पाटी वाकडी धरून लिहिणारं पोर मान वाकडी करून वाचतं, त्यातलाच प्रकार. अण्णांनी दर शनिवारी लिहिलं आणि दर शनिवारी तपासलं, आणि तपासलं ते त्याच वाकड्या ड्राइव्हवर. दुसऱ्या मशीनवर नेऊन बघायला दुसरं मशीन होतं कुठं.

आणि मग मला दुसरी गोष्ट सुचली, ती खरं तर सकाळीच सुचायला हवी होती. कोऱ्या टेपेवर ड्राइव्ह अडून बसत नाही. या टेपांवर तो अडत होता कारण त्यांच्यावर काहीतरी होतं, फक्त त्याला ते लागत नव्हतं. मी थकलेली नसते तर तिथंच ओळखलं असतं.

“अक्का,” मी म्हटलं, “या टेपा भरलेल्या असू शकतील.”

पद्माक्कांनी मान डोलावली, जणू मी त्यांना वार कुठला ते सांगितलं. पण हातातलं उलथणं त्यांनी खाली ठेवलं आणि भिंतीला टेकून बसल्या.

*

भरलेल्या आहेत हे कळणं वेगळं आणि वाचणं वेगळं. जुना ड्राइव्ह या जगात उरला नव्हता. एकच मार्ग होता. नवा, सरळ ड्राइव्ह उघडायचा आणि त्याचं हेड जुन्याइतकंच वाकडं करायचं. त्याच्या स्क्रूवर पिवळ्या लाखेचं सील होतं. सील फोडलं की वॉरंटी संपली. शिवाय एकदा हलवलेलं हेड पुन्हा बरोबर जागेवर बसवायला लागणारी साधनं माझ्याकडं काय, कोल्हापूरच्या ऑफिसातही नव्हती.

मी ऑफिसला फोन लावला. आमच्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, तुला तिथं टेपा पुसायला पाठवलंय ना. मी हो म्हटलं. मग पुसून ये, म्हणाले. सील फोडलंस तर ते तुझ्या जबाबदारीवर.

डॉ. शिंत्रे तर माझं बोलणं संपायच्या आतच मान हलवायला लागले. अख्खं वर्ष ट्रस्टच्या मागं लागून त्यांनी हे मशीन मिळवलं होतं. ते बिघडलं आणि टेपा खरंच कोऱ्या निघाल्या, तर ट्रस्टींना ते काय तोंड दाखवणार होते? त्यांनी मला खिडकीतून गोठा दाखवला. माज आलेल्या गाई बांधून ठेवल्या होत्या आणि कुठल्या गाईला कुठला वळू दाखवायचा हे कुणाला माहीत नव्हतं. शेवटी कंटाळून त्यांनी ठरवलं होतं की या हंगामात सरसकट वजीरच वापरायचा. वजीर त्यांचा लाडका होता.

“आणि भाऊ-बहीण निघाले तर?” मी विचारलं.

त्यांनी टेबलावरचा पेपरवेट या बाजूचा त्या बाजूला ठेवला. मग हळूच म्हणाले, “मगदूमला मीच घेतला होता इथं. त्याच्यावर असा आळ यावा असं मला काही वाटत नव्हतं हो.”

असं म्हणणाऱ्या माणसाला धीर द्यायची माझी इच्छा नव्हती.

लाइट आली. डोक्यावरचा पंखा कुरकुरत फिरायला लागला. डॉक्टरांनी उठून टोपी घातली.

“मी गोठ्याकडं जातोय,” ते म्हणाले. “तास-दीड तास तरी येत नाही. माझ्यासमोर उघडू नका म्हणजे झालं.”

हो म्हणायची ती त्यांची रीत होती. मला त्या क्षणी तेवढी पुरली.

*

लाखेचं सील नखानंही फुटतं. इतकी वर्षं मी ते फुटू नये म्हणून जपत आले होते, आणि फोडलं तेव्हा बिस्किट मोडल्याएवढाही आवाज झाला नाही.

पद्माक्का खोकं मांडीवर घेऊन स्टुलावर बसल्या होत्या. मी टेप घातली, स्क्रू किंचित फिरवला, ड्राइव्ह चालू केला. टेप पुढं जायची, खर्रकन थांबायची, मागं जायची, पुन्हा तिथंच अडायची. पडद्यावर तीच ओळ. वाचता येत नाही. पुन्हा किंचित. पुन्हा तेच. असं कितीतरी वेळ चाललं. मी एकाच बाजूला फिरवत होते, आणि आपण चुकीच्या बाजूला तर चाललो नाही ना, ही शंका मला खायला लागली.

“अक्का, एवढं करा,” मी म्हटलं. “अण्णांना विचारून या, स्क्रू डावीकडं फिरवला होता की उजवीकडं.”

त्या उठल्या नाहीत. मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून मी पुन्हा म्हटलं.

“त्यास्नी इचारून उपेग न्हाई, बाई.”

“का? झोपलेत?”

“मला त्यांचं काय कळत न्हाई.”

मी हातातला पेचकस खाली ठेवला. पद्माक्का माझ्याकडं बघत नव्हत्या, खोक्यातल्या टेपांच्या कडा बोटानं सारख्या करत होत्या.

“मग मघाशी जेवताना सांगत होता ते?”

“ते माझंच.”

“पहिल्यापासून?”

“पयल्यांदा कान लावून बसायची मी,” त्या म्हणाल्या. “वाटायचं, आज न्हाई तर उद्या कळंल. न्हाई कळलं. लोक बगाय यायचे. हे कायतरी बोलायचे, आन् लोक माझ्या तोंडाकडं बगायचे. मी म्हणायची, मला न्हाई कळलं. मग लोक ह्यांच्याशी बोलायचंच बंद झाले. ह्यांच्याम्होरं मलाच इचारायचे, खातो का, झोपतो का. खांबाम्होरं बोलल्यागत. ते ह्यांना समजत हुतं, बाई. डोळ्यात दिसायचं. मग एक दिस मी सांगाय लागले. हे काय म्हणले आसते तेवडंच सांगायची, उगंच वाढवून न्हाई. मग लोक परत ह्यांच्याकडं बगून बोलाय लागले.”

मला राग आला. खूप आला. कस्टमरवर विश्वास ठेवायचा नाही हा एकच नियम मी इतकी वर्षं पाळला होता, आणि तो मोडला तो एका बाईनं भाकरी थापता थापता रचलेल्या गोष्टीवर. नव्या ड्राइव्हचं सील फुटलं होतं. हेड हललेलं होतं. माझी नोकरी मी सोडणार होतेच, पण अशी नाही.

“म्हणजे स्क्रूचंही तुमच्या मनचं?” माझा आवाज चढला असणार.

“ते खरं हाय.” आता त्यांनी वर बघितलं. “डबा घिऊन आल्ते मी, तवा मीच बॅटरी धरली हुती त्यांच्या हातावर. डावं-उजवं ध्यानात न्हाई. माझं ध्यान त्यांच्या तोंडाकडं. मशीन चालू झाल्यावर असे हासले हुते...” त्यांनी खोक्यावर हात ठेवला. “टेपा कोऱ्या हायत म्हणत्यात समदे. आता ह्यांचं बोलनं तर गेलंच. जे लिवून ठिवलंय ते तरी हाय का न्हाई, एवडंच बगायचंय मला. मग पुसा खुशाल.”

मी पेचकस उचलला, आणि मघापासून जितकं फिरवलं होतं तितकं उलट आणून दुसऱ्या बाजूला फिरवायला सुरुवात केली.

ऊन खिडकीतून टेबलावर आलं. शिपाई दोनदा डोकावून गेला. किंचित फिरवायचं, टेप चालवायची, खर्र. पुन्हा. एकदा खर्र व्हायच्या आधी टेप जरा जास्त पुढं गेल्यासारखी वाटली, पण तो भास असू शकत होता. मी आणखी जरासं फिरवलं. टेप पुढं गेली. मी अडण्याची वाट बघत होते. ती अडली नाही. नुसता वाहत्या पाण्यासारखा एकसारखा आवाज येत राहिला, आणि पडद्यावर ओळी चढायला लागल्या.

“काय झालं?” पद्माक्का उठून उभ्या राहिल्या होत्या.

“वाचतंय,” मी म्हटलं.

जनावरांची नावं, जन्माच्या तारखा, आई, बाप, आज्या. आणि प्रत्येक नावापुढं शेरा लिहायला एक जागा. बाकीचे लोक अशी जागा मोकळी सोडतात. अण्णांनी ती भरली होती, मराठीत, पण इंग्रजी अक्षरं वापरून, कारण त्या मशीनला दुसरी येत नव्हती. पद्माक्कांना ती वाचता येईनात. मी मोठ्यानं वाचायला लागले.

“हौशा. रंग कोसा, चालीला हलका. स्वभाव गरीब, पण छत्री दिसली की बिथरतो. चंद्री. दूध बेताचं, माया फार. शेजारणीचं वासरूही पाजते. वजीर. हौशाचा सख्खा भाऊ. दिसायला रुबाबदार, डोक्यानं मंद. शिंत्रे साहेबांचा लाडका. हे वाक्य नंतर काढून टाकणे.”

काढायचं राहून गेलं होतं.

पद्माक्का हसल्या. तोंडाला पदर लावून हसल्या, मग पदर तसाच डोळ्यांना लावला. “हेच,” त्या म्हणाल्या. “आसंच बोलायचे. शब्दाला शब्द.” जरा वेळानं त्यांनी स्टूल माझ्याजवळ ओढलं. “आजून वाचा की.”

मी वाचत राहिले. माझा घसा बसला होता, पाठ दुखत होती, शेवटचं वडाप निघून जाईल हे दिसत होतं. ज्या आवाजाचं त्या महिनोन् महिने मनानंच मराठी करत आल्या होत्या, तो आता माझ्या तोंडून त्यांना ऐकू येत होता, आणि त्या एकेका गाईला मान डोलवत होत्या. मी थांबू शकले नाही.

*

त्या दिवशी मी मगदुमांकडंच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या टेपा नव्या मशीनमध्ये उतरवून घेतल्या. मग ड्राइव्हचं हेड अंदाजानं सरळ केलं. ते पूर्ण सरळ कधीच झालं नाही. पुढं त्या सीलवरून ऑफिसात बरंच रामायण झालं आणि मला फिरतीवरून काढून कोल्हापुरात टेबलावर बसवलं. शिक्षा म्हणून. नोकरी सोडायचं त्यामुळं लांबत गेलं, आणि शेवटी मी तिथूनच रिटायर झाले.

टेपा शेवटी मी पुसल्याच. केंद्राला त्या वापरायला हव्या होत्या आणि त्यांच्यावरच्या वाकड्या ओळी राहिल्या असत्या तर ड्राइव्ह पुन्हा अडला असता. एखादी टेप आठवण म्हणून ठेवता का, असं मी पद्माक्कांना विचारलं.

“त्यातलं मशीनीत गेलं न्हवं?”

“गेलं.”

“मग पुसा. टेप वाया कशाला घालवायची.” आणि इरेझरची वायर त्यांनीच सोडवून माझ्या हातात दिली.

मी निघायच्या आधी डॉ. शिंत्रे अण्णांना भेटायला क्वार्टरवर आले. त्यांनी टोपी काढून हातात धरली होती. कॉटशेजारच्या खुर्चीवर टेकले. सगळं सापडलं, मगदूम, एवढंच म्हणाले. चुकलं आमचं.

अण्णांनी तोंड उघडलं. तोच आवाज आला, लांब, ओढलेला, मध्येच तुटणारा. डॉक्टरांनी सवयीनं स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. पद्माक्का आत होत्या, भांड्यांचा आवाज येत होता. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत तेच होतं, जे पद्माक्कांनी मला सांगितलं होतं. एका क्षणात ते अण्णांकडून वळून माझ्याशी बोलायला लागणार होते.

“अण्णा म्हणतात,” मी म्हटलं, “हौशाच्या कालवडींना वजीर दाखवू नका. सख्खा चुलता लागतो.”

डॉक्टर दचकले. मग खुर्ची पुढं ओढून ते अण्णांकडं वळले. “अरे, मी सगळ्यांना तोच लावणार होतो,” ते त्यांना म्हणाले. “मग कुणाला लावू म्हणतोस?”

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. डावा हात चादरीवर दोनदा आपटला. त्याचा अर्थ काय होता हे मला तेव्हा कळलं नाही, आजही माहीत नाही.

पद्माक्का चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. त्यांनी डॉक्टरांना कप दिला, अण्णांचा बशीत ओतून ठेवला, आणि तिसरा माझ्यापुढं केला.

“आन् म्हणत्यात,” त्या म्हणाल्या, “बाईंच्या च्यात साखर जरा जास्त घाल. लांब जायचंय त्यास्नी.”